वाळवंटातील कोमल ऋषभ

व्हिडिओ गेममधील बहुतेक टप्प्यांना स्वतःची धून असते. खेळणारा एखाद्या टप्प्यात किती वेळ रेंगाळेल हे संगीतकाराला ठाऊक नसते, म्हणून धुनेचा शेवट पुन्हा आरंभाला जोडलेला असतो. नातवंड एका जागी अडले, की आजी-आजोबांना तेच सूर तासभर ऐकावे लागतात ते यामुळे. हेडफोन लावावयास सांगणे हा सर्वांत सोपा उपाय खरा. पण त्याने भांडण मिटते तसे बोलणेही मिटते. तेव्हा, वाचकहो, खेळात वाळवंटाचा टप्पा येईल त्या वेळी तरी हेडफोन बाजूला ठेवावयास सांगावे.

वाळवंट रंगवावयाचे झाले, की संगीतकार बहुधा अरबी संगीतातील हिजाझ मकामाच्या स्वरांचा आधार घेतात. षड्जानंतर कोमल ऋषभ, तेथून एकदम शुद्ध गंधार आणि लगेच शुद्ध मध्यम. ज्यांनी आयुष्यभर सकाळी रेडिओवर भैरव ऐकला, त्यांना ऋषभ-गंधारातील हे मोठे अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही. वरच्या अंगात कोमल धैवत आणि कोमल निषाद आले, तर बसंत मुखारीच समोर उभा राहतो. आपल्याकडे प्रभातसमयी शोभणारे हे स्वर पाश्चात्त्य चित्रपटांनी वाळू आणि उंटांशी जोडले, आणि खेळांनी ती प्रथा उचलली. ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या जपानी खेळात तर वाळवंटात पिरॅमिड आहे आणि साथीला चक्क सतार! कोजी कोंडो यांची तीच धून त्या खेळात लाव्हारसाच्या टप्प्यालाही लावलेली आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी हे ऐकू नये.

या ठरीव साच्याबाहेरचे काही ऐकावयाचे असेल, तर २०१२ सालचा ‘जर्नी’ पाहावा. अफाट वाळूतून दूरच्या पर्वताकडे निघालेला एकटा प्रवासी, एवढेच त्याचे कथानक. संवाद एकही नाही. ऑस्टिन विंटरी यांच्या संगीतात प्रवाशाच्या वाट्याला चेलो हे गजाने वाजणारे, खर्जातले तंतुवाद्य आले आहे. खेळणाऱ्याच्या हालचालींनुसार संगीत उमलते, ओसरते. ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळालेले व्हिडिओ गेमचे हे पहिले संपूर्ण पार्श्वसंगीत. वाटेत दुसरा खेळाडू भेटला, तर त्याला शब्दांनी नव्हे, केवळ सुराने साद घालता येते. संपूर्ण खेळ सुमारे दोन तासांचा. ज्यांच्या बोटांना बटणे जमत नाहीत, त्यांनी शेजारी बसून तो नुसता पाहिला तरी पुष्कळ.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी थोडे. ज्येष्ठ मंडळी ‘आवाज कमी कर’ असे वारंवार म्हणू लागली, तर तो स्वभावाचा दोष समजू नये. वाढत्या वयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात; स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. त्याखाली सतत संगीत वाजत असले, की उरलेलेही झाकले जाते. आवाज कानी पडतो, शब्द मात्र कळत नाहीत, आणि चिडचीड होते ती त्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील चौघांपैकी एकाहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. अनेक खेळांच्या मांडणीत संगीताचा व संवादांचा आवाज स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येतो. तेथे संगीत उतरवावे, संवाद तसेच ठेवावेत, लिखित संवाद दिसण्याची सोय असल्यास तीही सुरू करावी. आजोबांशी बोलावयाचे असेल तेव्हा खेळ क्षणभर थांबवून, समोर येऊन बोलावे.

लग्नकार्यातील गर्दीत किंवा दूरदर्शन सुरू असतानाही हीच तक्रार असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की भागते. नसल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. ती वेदनारहित असते आणि साधारणतः अर्ध्या तासात आटोपते.