पिवळाधमक गूळ

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात असतो, तोवर 15 जानेवारीला खाशाबा जाधवांची जयंती येते. राज्य शासनाने हा दिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. त्यामुळे शाळा-कॉलेजांत प्रतिमेला हार पडतो, पाहुणे दोन शब्द बोलतात आणि चहापानाला जातात. कोल्हापूरने मात्र एवढ्यावर भागवू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा राजाराम कॉलेजात शिकला, इथल्या मातीत घोटला गेला आणि 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राला दुसरे मिळायला त्यानंतर 72 वर्षे लागली आणि ते आणणारा स्वप्नील कुसाळेही राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचाच.

तिळगुळातल्या गुळाचाही या गोष्टीशी संबंध आहे. शाहूपुरी वसली तीच गुळासाठी. 1895 मध्ये शाहू महाराजांनी इथे पेठ उभारली आणि कोल्हापुरी गुळाला हक्काचा बाजार मिळाला. पुढे सौदे मार्केट यार्डात गेले, पण गुळाचे कोल्हापूरला कळलेले मर्म तेच राहिले: गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढत राहायची, आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्याने नजरेने ठरवायचे. असा गूळ तांबूस, कधी काळपट निघतो. गिऱ्हाइकाला मात्र पिवळाधमक रवा हवा असतो. मग काहिलीत हायड्रॉस या रसायनाची पूड पडते आणि रंग उजळतो. त्यात गुळव्याचे कसब किती आणि पुडीचे किती, हे बाजारात कोणी विचारत नाही. भाव रंगाला मिळतो.

आज पैलवानाच्या अंगाचेही असेच झाले आहे.

तालमीतली मेहनत जुन्या लोकांना विचारा. पहाटे पहिले काम हौदा उकरण्याचे. फावड्याने लाल माती खालीवर करताना खांदे, पाठ, कंबर आपसूक मोकळी होत. मग जोर, बैठका, सपाट्या, मानेवर भार घेऊन ब्रिज. मल्लखांबाकडे आज आपण स्वतंत्र खेळ म्हणून बघतो, पण तो मुळात मल्लासाठीच होता. अंगाला पीळ देता यावा, सोडवता यावा म्हणून. क्रीडाशास्त्राने अलीकडे प्रयोग करून सांगितले की, खेळाच्या तोंडावर स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरले तर ताकद थोडी कमीच पडते. आधी हालचालीने अंग तापवावे आणि लांब ताण मेहनतीनंतर द्यावेत. हौदा उकरणाऱ्याला हे कोणी शिकवले नव्हते, पण तो करत तेच होता.

जुने ते सगळे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पोराला पाय फाकवून बसवायचे आणि मागून दुसऱ्याने पाठीवर दाब द्यायचा, ही रीतही तालमीतलीच. त्यात जांघेचा स्नायू फाटला तर 'कच्चा आहे' म्हणून पोरालाच बोल लागायचा. दूध-तुपाच्या खुराकावर नुसती जाडी वाढलेले आणि मॅटवर वाकता न आल्याने अडकलेले गडीही या शहराने पाहिले आहेत.

खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. प्रतिस्पर्ध्याची मान आवळायची, आपली कंबर त्याच्या आत घालायची आणि पाठीच्या वळणावरून त्याला फेकायचे. इथे दंड किती इंचाचा आहे याला फारशी किंमत नाही. कंबर वळली नाही, खांदा फिरला नाही, तर ढाक मारणाराच खाली सापडतो. ही लवचिकता येते कशी? पहिल्या काही आठवड्यांत स्नायू लांबत नाही. ताण आला की आखडण्याची मज्जासंस्थेची सवय तेवढी सैल पडते, शरीर ताण सोसायला शिकते. खरा बदल महिन्यांनी, वर्षांनी होतो आणि सोडून दिले की हातचा जातो. त्यासाठी गोळी निघालेली नाही, सुईही नाही.

ताकदीसाठी मात्र निघाली. सीबा कंपनीने 1958 मध्ये अमेरिकेत डायनाबोल बाजारात आणले. मेथँडिएनोन हे या स्टेरॉइडचे औषधी नाव. हे नाव महाराष्ट्राला पाठ झाले 2016 साली. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकच्या तयारीत असताना त्याच्या नमुन्यात ते सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या, समितीने ते मानले. क्रीडा लवादाने मानले नाही आणि 18 ऑगस्टला, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. खरे काय घडले याचा निवाडा आम्ही इथे करणार नाही. नियम मात्र प्रत्येक तालमीत माहीत असायला हवा: अंगात सापडले, की ते कसे आले हे सिद्ध करण्याचा बोजा खेळाडूवर.

स्टेरॉइडने स्नायू आठवड्यांत फुगतो. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा त्या वेगाने जाड होत नाही, कारण तिला रक्तपुरवठाच कमी. म्हणजे बैल मोठा झाला आणि कासरा जुनाच राहिला. ऐन झटापटीत तो तुटतो. तालमीत येणारी पोरे चौदा-पंधरा वर्षांची असतात. त्या वयात ही औषधे हाडांची वाढती टोके वेळेआधी बंद करतात आणि उंची खुंटते. शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवते, यकृत आणि हृदय भोगते. दुसरे नाव मेफेंटरमाइनचे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर तो सावरण्यासाठी डॉक्टरांनी वापरायचे हे इंजेक्शन. जिममधली पोरे दम टिकावा म्हणून टोचून घेतात. पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. त्याने थकवा जात नाही. तो कळेनासा होतो, एवढेच.

एकट्या पोरांना दोष देऊन चालणार नाही. मैदानात पैलवान लंगोट लावून उभा राहिला की आधी टाळी पडते ती अंगाला. फ्लेक्सवर छातीचे आणि दंडाचे फोटो असतात. कंबर वळते की नाही हे फोटोत दिसत नाही. घरच्यांनी म्हैस विकून खुराकाचे पैसे पाठवलेले असतात, आणि हंगाम संपायच्या आत काहीतरी दाखवायचे असते. अशा वेळी 'जरा पावडर घे, मग बघ' म्हणणारा कोणीतरी भेटतोच. डब्यात काय आहे हे त्यालाही बहुधा माहीत नसते. पुढे पकडला जातो पैलवान. डबा विकणारा सहसा दुसऱ्या गल्लीत दुकान लावतो.

2023 मध्ये 'नाडा'ने 5,606 नमुने तपासले आणि त्यांतले शेकडा 3.8 दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. यात राष्ट्रीय शिबिरे आणि मोठ्या स्पर्धा आल्या. गावजत्रेचे मैदान यात सहसा येत नाही, आणि आपला पैलवान वर्षातले बहुतेक दिवस तिथेच लढतो.

म्हणून मागणी एवढीच की, शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या आणि 1912 पासून उभ्या असलेल्या खासबाग मैदानापासून सुरुवात व्हावी. जोड्यांच्या पत्रकावर इनामाच्या आकड्याखाली एक ओळ छापावी: पहिल्या तीन जोड्यांतील विजेत्यांचा नमुना दिल्लीच्या उत्तेजक-तपासणी प्रयोगशाळेत जाईल. आणि शाहूपुरी ते गंगावेस, प्रत्येक तालमीत महिन्यातून एकदा डॉक्टर आणि व्यायामतज्ज्ञ यावेत, वस्तादांच्या शेजारी बसावेत, पोराला काय दुखते ते विचारावे.

खर्च कोण करणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल. हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते तेव्हाही तो आला होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले होते.