उसनी गर्दी आणि विकत घेतलेली मते

ब्लॉग आला तेव्हा लिहिणाऱ्यांना मोठा आनंद झाला. संपादकाची परवानगी नको, छापखाना नको, कागदाचा खर्च नको. पण लिहिलेले वाचणार कोण? लाखो ब्लॉगांच्या ढिगाऱ्यात आपला ब्लॉग वाचकाच्या नजरेस पडणार कसा? या प्रश्नाला अमेरिकेतील 'सोशल बुकमार्किंग' संकेतस्थळांनी एक उत्तर दिले. त्या उत्तराचे पुढे काय झाले, हे तपासणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण ज्यांच्या हाती स्वतःचे मोठे माध्यम नाही, त्या प्रत्येक लेखकाशी या प्रश्नाचा संबंध आहे.

कल्पना साधी होती. आवडलेल्या पानाचा पत्ता स्वतःच्या संगणकात न ठेवता सर्वांना दिसेल असा ठेवायचा आणि त्याला विषयाचा टॅग लावायचा. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेले 'डिलिशस' याच तत्त्वावर चालले. २००४ साली केव्हिन रोझ आणि सहकाऱ्यांनी 'डिग' काढले. तेथे वाचकांनी बातमीला मत द्यायचे आणि जास्त मते मिळालेली बातमी पहिल्या पानावर यायची. २००५ साली 'रेडिट' आले. पहिल्या पानावर झळकलेल्या ब्लॉगवर काही तासांत हजारो लोक येत. अनेकांचे सर्व्हर या लोंढ्याने बंद पडत. त्याला 'डिग इफेक्ट' असे नावच पडले.

या संकेतस्थळांचा दावा मोठा होता. येथे संपादक नाही, मक्तेदारी नाही, सर्वांचे मत सारखे! वास्तव काय निघाले? २००६ साली एसईओमॉझ या कंपनीने केलेल्या पाहणीत डिगच्या पहिल्या पानावरील निम्म्याहून अधिक मजकूर केवळ शंभर सदस्यांनी दिलेला आढळला. ज्यांच्याजवळ दिवसभराचा रिकामा वेळ होता आणि एकमेकांना मते देणाऱ्या मित्रांची फौज होती, त्यांचाच तेथे शब्द चालला. राजकारणात समान मत आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितला होता. मताची पेटी सर्वांसाठी खुली केली म्हणजे समता आली असे होत नाही, हे इंटरनेटवरही दिसून आले.

जेथे मताला किंमत असते तेथे मताचा बाजारही भरतो. २००७ साली अमेरिकी पत्रकार अ‍ॅनली न्युइट्झ यांनी हे सिद्धच करून दाखवले. त्यांनी मुद्दाम एक निरर्थक ब्लॉग तयार केला. त्यात गर्दीची छायाचित्रे आणि असंबद्ध मजकूर, याखेरीज काही नव्हते. मग मते विकणाऱ्या एका सेवेला पैसे देऊन त्यांनी तो डिगवर 'लोकप्रिय' करून घेतला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या ब्लॉगला मिळालेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते फुकट होती! पैसे घेतलेल्यांनी मत दिले म्हणून न घेतलेल्यांनीही दिले. गर्दी पाहून गर्दी जमते, आणि पहिली गर्दी विकत मिळते.

मत देण्याबरोबर गाडण्याचाही अधिकार डिगवर होता. नको असलेली बातमी 'बरी' या बटणाने खाली ढकलता येई. 'डिग पेट्रियट्स' नावाचा उजव्या विचारांचा एक गट संगनमताने उदारमतवादी लेख गाडत होता, हे २०१० साली 'अल्टरनेट'ने उघडकीस आणले. लेख चांगला की वाईट याचा तेथे प्रश्नच नव्हता. लेख कोणाचा आहे, हे पाहून त्याचा निकाल लागत होता. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, अपील तर नाहीच नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा आहे. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने नवी रचना आणली. मोठ्या प्रकाशकांचा मजकूर आपोआप आत येऊ लागला आणि सामान्य सदस्य बाजूला पडले. चिडलेल्या सदस्यांनी रेडिटची वाट धरली. २०१२ साली डिग अगदी किरकोळ किमतीला विकले गेले. डिलिशस २००५ साली याहूने घेतले, २०११ साली विकले, आणि २०१७ साली 'पिनबोर्ड'ने घेतल्यावर तेथे नवीन पत्ते साठवणे बंद झाले. 'स्टंबलअपॉन' २०१८ साली बंद पडले. या दारांवर ज्यांनी आपला सारा वाचकवर्ग उभा केला होता, त्यांचे काय झाले? दार मालकाचे होते. त्याने ते लावून घेतले.

मग ही साधने वापरूच नयेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. रेडिट आजही चालू आहे आणि विषयवार जमलेल्या वाचकांपर्यंत तेथून पोहोचता येते. पण तेथे आधी इतरांचे वाचावे, चर्चेत भाग घ्यावा आणि मग प्रसंगाला धरून आपला लेख द्यावा. रोज फक्त आपलाच दुवा चिकटवणाऱ्याला कोणी वाचत नाही. टॅग खरा लावावा. मते मागू नयेत आणि विकत तर मुळीच घेऊ नयेत. मुख्य म्हणजे लेखाचे मूळ ठिकाण स्वतःच्या मालकीचे असावे, आणि आलेल्या वाचकाला त्याच्या संमतीने आपल्या ईमेलच्या यादीत जोडून घ्यावे. ती यादी कोणत्याही कंपनीला एका रात्रीत पुसता येत नाही.

एका दिवसात दहा हजार लोक आले आणि दुसऱ्या दिवशी एकही परतला नाही, तर त्याला वाचकवर्ग म्हणता येत नाही. पन्नास माणसे दर आठवड्याला शोधत येतात, वाचतात, वाद घालतात आणि दुसऱ्याला सांगतात, त्यांच्या बळावर लेखन टिकते. आकडा मोजण्याआधी ही पन्नास माणसे आपण जोडली आहेत काय, हा प्रश्न प्रत्येक लिहिणाऱ्याने स्वतःला विचारला पाहिजे.