आधी अर्ज, मग पाया

खेड्यात घर किंवा गोठा बांधण्याचे ठरले की प्रथम गवंड्याशी बोलणे होते, मग विटा, वाळू व सिमेंट यांची जुळवाजुळव होते आणि पाठोपाठ मुहूर्त काढला जातो. परवानगीचा अर्ज या क्रमात बहुधा शेवटी येतो. पुष्कळदा येतच नाही. ‘आपल्या जागेत आपण बांधतो, त्यात कोणाला काय विचारायचे?’ अशी समजूत सर्वत्र आढळते. कोणी विचारलेच, तर सरपंच ‘बांधा’ म्हणाले, एवढ्यावर समाधान मानले जाते. ही रीत शेतकऱ्याच्या हिताची नाही. तोंडी मिळालेली परवानगी ही परवानगीच नव्हे.

जागा गावठाणात आहे की शेतात, हा पहिला प्रश्न होय. गावठाणातील बांधकामावर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 52 व्या कलमाने नियंत्रण ठेवले आहे आणि त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. ग्रामपंचायतीचा ‘नमुना 8’ हा कर आकारणीचा कागद आहे. केवळ त्यावर नाव लागल्याने मालकी सिद्ध होत नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येतात. ज्या गावात हे काम झाले आहे तेथील ग्रामस्थांनी आपली पत्रिका काढून घ्यावी व तिच्यावरील हद्द आणि प्रत्यक्षातील हद्द ताडून पाहावी. शेजाऱ्याशी होणारे निम्मे तंटे पाया खणण्यापूर्वीच मिटतील.

शेतजमिनीची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिने शेतघराची व्याख्या उदारपणे केली आहे. अवजारे, खत, वैरण व धान्य साठविणे, जनावरे बांधणे, तसेच शेतकऱ्याचे कुटुंब व गडी यांनी राहणे, या सर्वांसाठी केलेले बांधकाम शेतघरात मोडते. मात्र 1986 च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांच्या व नगरपालिकांच्या भोवतालचा पट्टा आणि प्रादेशिक योजनेखालील क्षेत्र येथे अशा बांधकामास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. अशा ठिकाणी 0.4 हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रावर राहत्या शेतघरास परवानगी मिळत नाही. 0.4 ते 0.6 हेक्टरपर्यंत जोत्याचे क्षेत्र 150 चौरस मीटरपेक्षा अधिक नसावे. त्याहून मोठ्या क्षेत्रावर जमिनीच्या चाळिसाव्या भागाइतके किंवा 400 चौरस मीटर, यांपैकी जे कमी असेल तेवढे बांधता येते. राहण्यासाठी मात्र त्यातील 150 चौरस मीटरच वापरावयाचे असतात. म्हणजे एक हेक्टर शेतात 250 चौरस मीटरपर्यंत जोते घेता येईल. एका मोठ्या जनावरास गोठ्यात सुमारे साडेतीन ते चार चौरस मीटर छताखालील जागा पुरते, हे लक्षात घेतल्यास ही मर्यादा कोणाही कष्टकरी शेतकऱ्यास जाचक वाटू नये. आपले गाव या पट्ट्यात येते काय, हे प्रथम तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या भिंतींचा जाच पुढे जाणवतो. बँक तारणासाठी मंजूर नकाशा मागते. रस्ता रुंद होऊ लागला की मोबदल्याचा दावा दुबळा पडतो. भावाभावांत वाटणी निघाली की जुन्या गोष्टी उकरल्या जातात. आयुष्याची कमाई ज्या चार भिंतींत घातली, त्यांनाच आधार उरत नाही. म्हणून 7/12 व 8-अ चे उतारे, मोजणीचा नकाशा आणि सामाईक खाते असल्यास सहहिस्सेदारांची लेखी संमती हे कागद आधीच जमवावेत.

अर्जासोबतचा नकाशा केवळ कार्यालयासाठी काढावयाचा नसतो. तो काढताना शेतकऱ्याला जागेचा विचार करावा लागतो. सुपीक काळ्या जमिनीऐवजी मुरमाड, उंचवट्याची जागा निवडता येईल काय? काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तडे जातात. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाचा त्रास कमी होतो. खताचा खड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या बाजूस हवा. कागदावरील चूक खोडता येते, दगडविटांतील चूक पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागते.

तथापि सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. एक दिवस एक कागद उणा, दुसऱ्या दिवशी दुसरा, अशा खेपा घालाव्या लागल्या की माणूस कंटाळून पाया खणू लागतो. चार खेपांची मजुरी बुडणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज तपासून त्यातील सर्व उणिवा एकाच वेळी लिहून द्याव्यात. नकार द्यावयाचा असल्यास तोही कारणासह लेखी द्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच मिळणे, ठरलेल्या मुदतीत काम होणे आणि तसे न झाल्यास अपील करणे हा नागरिकाचा हक्क आहे. पोच देणे ही मेहेरबानी नव्हे, ते कर्तव्य होय. आणि पोच मागणे हा उद्धटपणा नव्हे.

अर्ज लेखी, पोच लेखी आणि उत्तर लेखी, ही तीन पथ्ये दोन्ही बाजूंनी पाळली तर परवानगीची भीती नाहीशी होईल. शेतकरी बंधुभगिनींनी यंदा बांधकाम काढावयाचे असल्यास गवंड्याला इसार देण्यापूर्वी अर्ज द्यावा आणि हाती लेखी मंजुरी आल्यावरच कुदळ मारावी.