छातीत कळ आली तर आधी ईसीजी

पुसदहून यवतमाळ गाठा की नांदेड, गाडीला दोन तास धरावेच लागतात. माळपठारावरच्या गावातून निघालं तर त्याहून जास्त. म्हणून ही विनंती पुसद, महागाव, उमरखेडकडच्या घराघराला.

हृदयाचा स्नायू जन्मभर चालतो, पण त्याच्यापाशी शिल्लक अगदी थोडी असते. ज्या रसायनातून पेशींना ताकद मिळते, ते एटीपी हृदय दिवसाला काही किलो तयार करतं आणि लगेच खर्चूनही टाकतं. हाताशी राहतं ते थोड्याच ठोक्यांपुरतं. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्यापुढच्या भागाचं आकुंचन मिनिटभरातच मंदावतं. मग पेशी ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, प्राणवायूविना मोडायला लागतात. त्यातून ताकद फार थोडी मिळते आणि आम्ल मात्र साचत जातं. रायमर आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर दाखवून दिलं, की आतला थर आधी मरतो आणि तिथून नुकसान तासागणिक बाहेरच्या थराकडे सरकतं. पहिल्या वीसेक मिनिटांत रक्त परत आलं तर स्नायू बहुतेक वाचतो. वाचलेला स्नायूही लगेच पूर्वीसारखा चालत नाही, कारण रिकामा झालेला साठा भरायला दिवस लागतात. तेव्हा सुटी मिळाल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणत वावराकडे निघालेल्या माणसाला घरच्यांनी हक्कानं अडवा.

आपल्याकडे घाम फुटलेल्या माणसाला ग्लुकोजचं पाणी पाजतात, ताकदीचं सलाईन लावून मागतात. माया खरी आहे, उपाय चुकीचा आहे. भारतासह अनेक देशांतल्या, हृदयविकाराचा झटका आलेल्या वीस हजारांवर रुग्णांना शिरेतून ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम देऊन पाहिलं गेलं. २००५ मध्ये निष्कर्ष आला, मृत्यू कमी झाले नाहीत. वाट बंद असताना साखर वाढवून भागत नाही, वाट उघडावी लागते.

आणि आपण उशीर करतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या हृदयरुग्णांच्या मोठ्या नोंदणीत निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. त्यातला किती वेळ "गॅस झाला असेल" म्हणण्यात जातो, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात माहीत आहे. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते. आई "काही नाही रे" म्हणाली तरी ऐकू नका.

माणसाला बसवा किंवा टेकवून ठेवा. चालवू नका, जिना चढवू नका, मोटारसायकलवर मागे बसवून आणू नका. प्रत्येक पाऊल उरलासुरला साठा खातं. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिन चघळायला द्यायची का, ते डॉक्टरांना फोनवरच विचारा. थेट मोठ्या शहराचा रस्ता धरण्याआधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन योग्य रुग्णाला आधी देऊन मग पुढे पाठवतात. ते पहिल्या तासांत जितकं उपयोगी पडतं तितकं नंतर पडत नाही.

तुमच्या गावापासून सर्वांत जवळ ईसीजी कुठे निघतो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रात्रीही कुठे मिळतं, ते उपजिल्हा रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात विचारा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.