रुळांना मानक, ग्रंथालयांना वाटाण्याच्या अक्षता

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची आर. डी. एस. ओ. ही संशोधन व मानक संस्था आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत रूळ, डबे, इंजिने आणि सिग्नल यांची मानके ठरतात. ती पाळावीच लागतात, कारण मानक मोडले तर गाडी घसरते आणि माणसे मरतात.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठीही या देशात मानके सांगितली गेली आहेत. विद्यापीठाच्या खर्चापैकी ६.२५ टक्के रक्कम ग्रंथालयासाठी असावी, अशी शिफारस राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली केली. कोठारी आयोगाने १९६६ साली हे प्रमाण ६.५ ते १० टक्के सुचविले. यांपैकी एकही मानक सरकारने विद्यापीठांवर बंधनकारक केले नाही. आयोग नेमायचे, अहवाल छापायचे आणि शिफारशींना वाटाण्याच्या अक्षता लावायच्या, हीच सत्ताधारी वर्गाची रीत राहिली आहे.

त्याच लखनौत गोमतीपलीकडे विद्यापीठाचे टागोर ग्रंथालय आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करण्यासाठी १९३५ साली कॅनबेराची आखणी करणारा वास्तुविशारद वॉल्टर बर्ली ग्रिफिन याला पाचारण करण्यात आले होते. पारतंत्र्यातल्या विद्यापीठालाही ग्रंथालयाचे महत्त्व कळत होते. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, याच शहरात अखिल भारतीय किसान सभा, प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद आणि अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशन उभे राहिले. जमीन, लेखणी आणि शिक्षण हे तीन प्रश्न तेव्हा एकमेकांपासून तोडलेले नव्हते.

आता ग्रंथालयाची गरजच उरली नाही, सर्व ज्ञान पडद्यावर मिळते, असे सांगितले जाते. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिके. लहान शहरातील संशोधकाला यामुळे पूर्वी न मिळणारे लेख मिळतील, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हा पैसा जातो कोठे? शास्त्रज्ञ लेख लिहितो, दुसरा शास्त्रज्ञ तो तपासतो. प्रकाशक सहसा दोघांनाही मोबदला देत नाही. तरीही बड्या प्रकाशन कंपन्यांत ३० टक्क्यांहून अधिक नफा कमावला जातो. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेलाच पुन्हा विकत घ्यावे लागते. मक्तेदारी भांडवलाचा याहून उघड नमुना शोधण्याची गरज नाही.

शेतमजुराची मुलगी प्रथम वर्षाला येते तेव्हा तिला परदेशी नियतकालिक नको असते. तिला हवे असते मातृभाषेतील पाठ्यपुस्तक, बसायला खुर्ची, रात्री दिवा, आणि कोणते पुस्तक आधी वाचावे हे सांगणारा ग्रंथपाल. दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्याला तेच अभ्यासाचे घर असते. वर्गणीची योजना यांपैकी काहीच देत नाही.

सार्वजनिक दार अरुंद झाले की बाजार आपले दार उघडतो. शहरोशहरी महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणाऱ्या अभ्यासिका निघाल्या आहेत. दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात २७ जुलै २०२४ रोजी अशाच एका तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर एका खासगी शिकवणी वर्गाचे ग्रंथालय म्हणून वापरले जात होते. परवानगी मात्र साठवणीची होती.

तेव्हा हा प्रश्न हक्काचा आहे, आणि हक्क लढूनच मिळतो. दिल्ली विद्यापीठात पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रती काढण्याविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस २०१२ साली न्यायालयात गेले. विद्यार्थी आणि शिक्षक संघटित होऊन दाव्यात उतरले. शिक्षणासाठी अशा प्रती काढणे कायद्यात बसते, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला आणि पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हाच मार्ग पुढे नेला पाहिजे. ग्रंथालयाच्या खर्चाचे मानक कायद्याने बंधनकारक करा. ग्रंथपालांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत विनाशुल्क उघडे ठेवा. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना खुले करा. विद्यापीठाच्या प्रत्येक गावी पक्षशाखांनी आणि विद्यार्थी-शिक्षक संघटनांनी या मागण्या हाती घ्याव्यात. रुळाला जे मानक आहे, ते कष्टकऱ्यांच्या मुलांच्या पुस्तकांनाही मिळाल्याशिवाय हा लढा थांबता कामा नये.