इतिहास मळखाऊ नव्हता

'मळखाऊ रंग घ्या हो' हा सल्ला सोफ्याच्या खोळीपुरता ठीक आहे. तो सबंध इतिहासाला लागू करणाऱ्या मंडळींशी मात्र माझे भांडण आहे.

युद्धखेळ म्हणजे टेबलावर दोन सैन्ये मांडायची, फासे टाकायचे आणि लढायचे. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली यावर 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले. सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचे, म्हणजे आमच्या बँकेतल्या रबरी शिक्क्याहूनही बुटके. ते रंगवायचे आपणच. तिथे हा मळखाऊ पंथ आडवा येतो. "जुन्या काळी कुठले आलेत रंग? सगळं मातकटच!" असे म्हणत ही मंडळी साऱ्या पूर्वजांना तपकिरी रंगात बुचकळून काढतात.

मी पडलो कॉमर्सवाला. व्हाउचर पाहिल्याशिवाय काही पास करत नाही. तेव्हा व्हाउचरे बघा. ऑस्ट्रियात हालस्टाटच्या खाणीत मिठामुळे टिकलेले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंगीत कापडाचे तुकडे सापडले आहेत. युरोपात लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून निघे, निळा वोडच्या पानांतून आणि पिवळा वेल्ड नावाच्या झाडातून. लाल आणि पिवळा पक्का करायला तुरटी. तीच, जी आपल्या न्हाव्याकडे असते!

दुसरे व्हाउचर कायद्याचे. पहिल्या एलिझाबेथने १५७४ साली फर्मान काढले की जांभळे रेशीम मुख्यतः राजघराण्यानेच वापरावे. आता मला सांगा, ज्याची कुणाला हौसच नाही, त्यावर बंदी कोण घालील?

"पण गरिबांचं काय? आणि कपडे विटतातच ना?" मान्य. साधी, न रंगवलेली लोकरही द्या काहींना. पण विटलेला लाल हाही लालच असतो, शेणाचा नव्हे. मातकट गणवेश ही लांब पल्ल्याच्या बंदुकांची आणि बिनधुराच्या दारूची देणगी. त्याआधी रणांगणावर धूर इतका की आपला कोण हे रंगावरूनच ओळखावे लागे. फ्रेंच पायदळ तर १९१४ सालीही लाल विजारीत लढायला गेले. त्याची किंमत त्यांनी मोजली आणि १९१५ मध्ये फिकट निळा गणवेश आला.

सोळाव्या शतकातला जर्मन भाडोत्री शिपाई बघा. एक पाय लाल, दुसरा पिवळा, बाह्या चिरून आतले अस्तर बाहेर काढलेले! उद्या जगू की नाही याची खात्री नाही. मग कमाई ठेवायची कुठे? बिचाऱ्याने ती अंगावर ठेवली. आपण त्याला तपकिरी फासतो तेव्हा त्याची उभ्या जन्माची शिल्लक एका ब्रशाने खोडतो. माझ्या लेजरमध्ये असली खाडाखोड चालत नाही.

आपल्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा मातीचा असतो, पण मातकट कधी पाहिलात? तेव्हा मळखाऊ पंथीयांनो, तपकिरी बाटलीचे झाकण घट्ट लावा. घोड्यांसाठी लागेल ती.