विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वऱ्हाडातील शेतमजूर ती दर पावसाळ्यात पाहतो, आणि तीही स्वतःच्या अंगावर. असे असता कीटकनाशकांविषयी कोणी शंका काढली की एक ठरावीक उत्तर पुढे येते : ‘द्रव्य प्रयोगशाळेत तपासलेले आहे, बाटलीवरील सूचनेप्रमाणे वापरल्यास निर्धोक आहे, दोष असलाच तर तो फवारणाऱ्याच्या अडाणीपणाचा.’ हे उत्तर विक्रेत्यांनी द्यावे यात नवल नाही. परंतु सुशिक्षित मंडळीही तो विज्ञानाचा निर्वाळा समजून मान डोलावतात, याचे आम्हांस वाईट वाटते. आमचा वाद प्रयोगशाळेशी नाही. तिच्या नावाने फिरविल्या जाणाऱ्या अर्ध्या दाखल्याशी आहे.

विषबाधा झालेला मनुष्य ओकतो, त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, घरचे त्याला दवाखान्यात नेतात. पेशीच्या गाभ्यातील गुणसूत्र तुटले तर मात्र कोणासच खबर लागत नाही. त्याचा हिशेब कित्येक वर्षांनी होतो, कधी पुढच्या पिढीत होतो. हा गुप्त आघात आधीच ओळखावा म्हणून शास्त्रज्ञांनी ज्या युक्त्या काढल्या, त्यांत ब्रूस एम्स या अमेरिकन पंडिताची १९७३ सालची युक्ती आम्हांस फारच सुंदर वाटते. हिस्टिडीन हे पोषकद्रव्य स्वतः तयार करण्याची शक्ती गमावलेले साल्मोनेला जंतू घ्यावयाचे, त्या द्रव्याविना त्यांना जवळजवळ उपाशी ठेवावयाचे, आणि संशयित रसायन त्यांच्यात मिसळावयाचे. रसायनाने जनुकांत फेरफार घडविला तर काही जंतूंस गेलेली शक्ती परत मिळते, ते वाढू लागतात, आणि दोन दिवसांत बशीवर ठिपके उमटतात. ते मोजावयाचे. जंतूला यकृत नसते, आणि पुष्कळ द्रव्ये यकृतातून गेल्यावरच घातक बनतात. म्हणून उंदराच्या यकृताचा अर्कही सोबत घालतात. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून लावण्यात येणाऱ्या ट्रिस नावाच्या द्रव्यावर याच परीक्षेने बोट ठेवले, आणि १९७७ साली ते त्या कपड्यांतून हद्दपार झाले.

आता ही परीक्षा घेतो कोण? आमचे आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यात गेले, म्हणून हा प्रश्न आम्हांस प्रथम सुचतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे द्रव्याची नोंदणी करू इच्छिणाऱ्यानेच त्याच्या विषारीपणाचे अभ्यास सादर करावयाचे असतात. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षकाचे वेतन देतो, आणि उत्तरपत्रिका परीक्षार्थ्याच्याच कपाटात राहते. एकदा एकाची नोंदणी झाली की त्याच कायद्याच्या नवव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमान्वये इतरांसही त्याच अटींवर तेच द्रव्य करण्याची मुभा मिळते. अशा व्यवस्थेत काय होऊ शकते, हे अमेरिकेने पाहिले आहे. इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या तेथील मोठ्या प्रयोगशाळेने बनावट आकडे पुरविल्याचे १९७६ पासून उघडकीस आले, आणि १९८३ साली तिच्या तिघा अधिकाऱ्यांस न्यायालयाने दोषी ठरविले. त्या प्रकरणातूनच प्रयोगशाळांना कडक शिस्त लावणारे नियम जन्मले. ते आपल्याकडेही आहेत. भारतीय प्रयोगशाळांचे अहवाल २०११ पासून पाश्चात्त्य राष्ट्रांतही ग्राह्य धरले जातात. हे भूषणास्पद आहे. पण जो अहवाल परदेशच्या अधिकाऱ्यास वाचता येतो, तो मेहकर तालुक्यातील कापूसवाल्यास का वाचता येऊ नये? माहिती अधिकाराच्या कायद्यात व्यापारी गुपितास संरक्षण आहे खरे. परंतु व्यापक लोकहित असेल तेथे ते बाजूस सारावे, असेही त्याच आठव्या कलमात लिहिले आहे. कारखान्याची कृती गुपित असू शकेल; गुणसूत्रे तुटतात की नाही, हे गुपित कसे?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. परीक्षा होते ती एका नोंदलेल्या मालाची. शेतावर फवारले जाते ते बादलीत कालवलेले दोन-तीन कीटकनाशकांचे आणि वर एखाद्या वाढ-संजीवकाचे मिश्रण. या बादलीची परीक्षा कोणी घेतली? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. तेव्हाही चर्चा हातमोज्यांची आणि मुखपट्टीची झाली. पुरुषभर उंच कपाशीत, भाद्रपदाच्या उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन रबरी अंगरखा घालण्याचा उपदेश करणाऱ्यांनी तो एक तास घालून पाहावा. जे मेले त्यांची निदान गणती झाली. जे बरे होऊन घरी आले, त्यांच्या पेशींची दशा काय? (आणि या विषाला आमचा शेतकरी ‘औषध’ म्हणतो!)

यावर चतुर प्रतिपक्षी खुद्द एम्स यांचीच साक्ष काढतात. निसर्गातील भाजीपाल्यातही अशी द्रव्ये असतात, अन्नातील कीटकनाशकाच्या लेशमात्र अंशाची भीती फाजील आहे, असे त्यांनी पुढे प्रतिपादिले हे खरे. परंतु ती गोष्ट ताटातील लेशाची. ज्याचा सदरा विषाने पाठीला चिकटतो त्याला ती लावणे म्हणजे पावसाच्या थेंबाचे माप पुराला लावणे होय.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असेही नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञांनी कपाशीवर फवारणाऱ्यांच्या रक्तपेशींची आणि त्यांच्या कुटुंबांतील गर्भपातांची पाहणी करून १९९१ साली ती प्रसिद्ध केली; दोन्हीकडे हानी अधिक आढळली. रक्तही न काढता हे करता येते. गालाच्या आतील पेशी लाकडी काडीने खरवडून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या. गुणसूत्रे तुटलेली असतील तर मुख्य गाभ्याशेजारी एक चिमुकला गाभा दिसतो. सूक्ष्मदर्शक आमच्या प्रत्येक महाविद्यालयात आहेत, आणि बहुधा कांद्याची साल पाहण्यासाठीच काढले जातात. येथे हिवरा आश्रमात शाळा-महाविद्यालये आहेत, भोवती कपाशी आहे, फवारणारे हातही आहेत. आषाढात फवारणीपूर्वी एकदा आणि कार्तिकात तिच्यानंतर एकदा, त्याच माणसांच्या पेशी, त्यांच्या संमतीने, पाहाव्या. न फवारणाऱ्या शेजाऱ्यांच्याही पाहाव्या. आणि जे आकडे येतील ते, कंपनीस रुचोत वा न रुचोत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहावे. येत्या आषाढास अवकाश आहे. काड्या आणि काचपट्ट्या तोपर्यंत सहज जमतील.